फिलिपोने बसायची जागा

मी, सिआलेई मातागी, वय एकतीस, विमानदुरुस्ती तंत्रज्ञ, राहणार मांगेरे, ऑकलंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने करत आहे. सोमवारी माझी कवटी दुसऱ्यांदा उघडणार आहेत. आतल्या धातूच्या पट्टीखाली जंतुसंसर्ग झाला आहे आणि मी टेबलावरून उठेन याची खात्री सर्जन देत नाहीत. माझी विचारशक्ती शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. आई नेमकी तिथेच हरकत घेईल.

१. लोसे आपुलू ही माझी जोडीदार आहे. आमची नागरी जोडीदारी या देशाच्या कायद्याने नोंदलेली आहे. आई चर्चमध्ये तिची ओळख ‘सिआलेईची भाडेकरू’ अशी करून देते. लोसेने मला कधीही भाडे दिलेले नाही.

२. घरातला माझा हिस्सा, गाडी आणि बँकेतली शिल्लक लोसेला मिळावी. घर चर्चला दिले तर माझे पाप धुऊन निघेल, असे आईचे मत आहे. ते मी ऐकून घेतले आहे.

३. हत्यारांची पेटी लोसेने विकावी. नट किती जोराने आवळला ते मोजणारा मोठा टॉर्क पाना विकण्याआधी तपासून घ्यावा. तो खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवतो.

४. माझा धाकटा भाऊ फिलिपो याची किलिकिती, म्हणजे आमच्या बेटांवरचे क्रिकेट, खेळायची बॅट पोलिसांनी परत दिली, तर ती जाळावी. कारण नोंदवते.

गेल्या वर्षी एका रविवारी पास्तर एलिसाया यांनी आमच्यासारख्या जोडप्यांवर प्रवचन दिले. नंतर आईकडे पास्तरांसह सगळे जेवायला बसलो. फिलिपो म्हणाला, “ताई, देवाच्या घरात हिला मांडीला मांडी लावून बसवतेस. लाज वाटत नाही?”

मी म्हटले, “तुझ्या शेजारी बसून पाहिलं. तू घोरतोस.”

सगळे हसले. पास्तरही हसले. फिलिपो उठून बाहेर गेला आणि बॅट घेऊन आत आला. पहिला फटका लोसेच्या तोंडावर. तिच्या हातात उकडलेल्या तारो कंदांचे भांडे होते, ते तिने सोडले नाही. गालाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डावा डोळा जागच्या जागी फुटला. मी मध्ये पडले तेव्हा दुसरा फटका माझ्या डोक्यात बसला. आमची बॅट तीन धारांची असते; मला धार लागली. खाली पडता पडता मी त्याची करंगळी दातात धरली आणि तुकडा पडेपर्यंत सोडली नाही. याचा मला खेद नाही.

आई ओरडत होती, “पास्तरांसमोर नको रे!”

पास्तर ताट हातात धरून उभे होते.

५. माझा देह लोसेच्या ताब्यात द्यावा. मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती म्हणूनच मला पुरावे. पास्तर एलिसाया इस्पितळात येऊन म्हणाले होते, “पोरी, आम्ही पापाचा द्वेष करतो, माणसाचा नाही.” मी विचारले, “मग बॅट कोणाला लागली, पास्तर?” त्यांनी प्रार्थना सुरू केली. अंत्यविधी त्यांना करायचा असेल, तर त्यांनी शवपेटीसमोर लोसेचे नाव माझी जोडीदार म्हणून मोठ्याने घ्यावे. जमत नसेल, तर मागच्या बाकावर बसावे.

६. आजीने मला दिलेली बारीक विणीची चटई लोसेला मिळावी. फिलिपो तुरुंगातून सुटल्यावर त्याला घराण्याच्या प्रमुखाचे पद मिळायचे आहे आणि त्या समारंभाला हीच चटई लागते. ती त्याला कशी मिळेल, ते लिहिते.

मारहाणीनंतर आमच्या माणसांनी इफोगा केला, म्हणजे रीतीप्रमाणे जाहीर माफी मागितली. पहाटे लोसेच्या वडिलांच्या दारात, डोक्यावर चटया ओढून, ते जमिनीवर बसले. मधोमध जामिनावर सुटलेला फिलिपो. लोसेच्या वडिलांनी, आपुलूकाकांनी, त्याच्या डोक्यावरची चटई उचलली आणि त्याला जेवू घातले. आमच्या रीतीने भांडण तिथे मिटले. न्यायाधीशांनीही ते ग्राह्य धरून शिक्षा कमी केली. लोसे तेव्हा इस्पितळात होती. तिला कोणी विचारले नाही. “मुलगी माझी, म्हणजे मार मलाच बसला,” असे काका म्हणाले. माझा प्रश्नच आला नाही, कारण मारणारा माझ्याच घरचा.

आमच्या दारात का नाही बसलात, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, “बये, इफोगा एखाद्या घराण्यापुढे करतात. तिथं काय, दोन बायका राहतात.”

तेव्हा अट अशी. फिलिपोने आमच्या दारात, गाडी लावतो त्या सिमेंटवर, डोक्यावर चटई घेऊन बसावे. चटई त्याने कोणाचीही मागून आणावी. आईने, काकांनी किंवा पास्तरांनी त्याच्या वतीने बोलू नये. लोसेला आतून तो दिसेल अशा ठिकाणी बसावे. डावीकडून तिला दिसत नाही. ती बाहेर आली आणि तिने स्वतःच्या हाताने त्याचे डोके उघडे केले, तर आजीची चटई त्याची. ती आली नाही, तर त्याने तिला हाक मारू नये. बाहेर यायलाच हवे असे तिच्यावर कोणतेही बंधन मी घालत नाही.

सही: सिआलेई मातागी
ऑकलंड, १० मार्च २०११

आम्हा दोघांच्या समोर सिआलेई यांनी वाचून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही. लोसे आपुलू त्या वेळी खोलीत नव्हत्या.

साक्षीदार:
मार्गरेट डून, परिचारिका
तोमासी वाका, शेजारी