इतर निरीक्षणे

प्रिय चार नंबर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वरची खोली रिकामीच आहे, मुलगा काही आता परत यायचा नाही, सामान आवर आणि ये, दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ, असं तू लिहिलंस. माझे गुडघे लक्षात ठेवून जिन्याला किती पायऱ्या आहेत तेही लिहिलंस. त्यानंतर दोनदा तुझा फोन आला आणि दोन्ही वेळा मी घरमालक, पाण्याची टाकी असलं काहीबाही बोलून ठेवून दिला. "एवढा काय विचार करतेस, मी काय तुला लग्नाची मागणी घातलीय?" असं तू म्हणालीस तेव्हा मी हसले खरी. मला तुझ्याकडे यायचं आहे, फार यायचं आहे. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय येता येत नाही, आणि सांगितल्यावर तू ये म्हणशील असं वाटत नाही. फोनवर माझी जीभ उचलणार नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा मुद्दाम आपल्या हिरव्या दुकानावरून गेले. तशी गावात सहा होती, सगळी एकाच मालकाची, एकाच रंगाची, पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी होतं ते आपलं. आता तिथे पार्सलांचं गोदाम आहे. काचांना आतून कागद चिकटवले आहेत. दारावरची अक्षरं खरवडून काढली आहेत, पण ती होती तेवढी भिंत कमी मळली आहे, त्यामुळे नाव अजून वाचता येतं. मी उभी राहून वाचलं. तिथेच तर वाचायला शिकले मी.

तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. मी दुसरीपर्यंतच शाळेत गेले. लग्न होऊन इथे आले तेव्हा अक्षरं ओळखायची, पण ती जुळवेपर्यंत बस निघून जायची. दुकानात मात्र घाई नव्हती. वर टांगलेल्या पाटीवर काय लिहिलं आहे ते आधी जुळवायचं, मग खालच्या फळीवर काय ठेवलं आहे ते बघायचं, म्हणजे बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळायचं. 'बिस्किटे' पहिल्या दिवशी आलं. 'स्वच्छता' या शब्दापाशी मी चार दिवस अडले होते. एक तास हिंडून एक साबणाची वडी घेऊन मी तुझ्या चार नंबरच्या काउंटरवर आले की तू म्हणायचीस, "बाई, साबण घेतेस की त्याची सोयरीक जमवतेस?" पाचव्या दिवशी तुला काय ते कळलं. तू बिलाच्या कागदाची पट्टी फाडलीस, तिच्या मागे तो शब्द फोडून लिहिलास आणि पट्टी माझ्या पिशवीत टाकलीस. तेव्हापासून तू माझी चार नंबर आणि मी तुझी चौकस.

पुढे माझं वेड वाढलं. आमचे हे कारखान्यातून जुनी वर्तमानपत्रं आणायचे. मी वही केली होती. रोज एक नवा शब्द, आणि झोपायच्या आत तो एकदा तरी वापरायचा असा नेम. यांचं घोरणं 'अविरत' चालतं म्हणून मी शेजारणीला सांगितलं, तर ती घाबरून डॉक्टरांचं नाव सुचवायला लागली. तू खो खो हसली होतीस. दुकानातच पाव भाजणाऱ्या पाववाल्या मावशी ओव्हनपाशी उभ्या होत्या, त्यांनी मात्र गंभीर चेहऱ्याने मला एक गरम पाव दिला आणि म्हणाल्या, "शिक गं. हसणाऱ्यांना हसू दे."

दारापाशी ती सूचनांची वही असायची ना, दोरीला पेन बांधलेली? तिच्यात कोणी काही लिहीत नसे. मी लिहायची. फरशी ओली आहे, सफरचंदं वर चांगली आणि खाली डागाळलेली आहेत, पाटी वाकडी टांगली आहे. मुख्य कचेरीतल्या एका बाईंनी ती वही वाचली आणि त्या माझा पत्ता काढून घरी आल्या. हे तेव्हा आजारी पडून घरीच होते. बाई म्हणाल्या, तुमचं बघणं बारीक आहे आणि लिहिणं स्वच्छ आहे, आमच्याकडे काम कराल का? काम असं की साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, खरेदी करायची, आणि तासाभराच्या आत एक फॉर्म भरून पाठवायचा. दुकानात कोणाला कळता कामा नये.

हो, चार नंबर. मॅनेजर ज्याचा निकाल आतल्या भिंतीवर लावायचा, तुम्ही सगळे ज्याच्या नावाने बोटं मोडायचात, तो फॉर्म भरणाऱ्यांपैकी एक मी होते.

मला ते काम आवडायचं. फॉर्ममागे जे मिळायचं ते औषधाला जायचं हे खरं आहे, पण त्याच्याआड लपणार नाही. आवडायचं ते वेगळ्याच कारणाने. माझं लिहिणं कोणाला तरी हवं होतं. मी बसने लांबच्या दुकानांत जायची, ओळखीच्या दुकानात जायचं नाही असा नियमच होता. एका महिन्यात आपल्या दुकानाचा फॉर्म भरणारी बाई आजारी पडली आणि कचेरीतल्या बाईंनी मला विचारलं, तिथे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? मी नाही म्हणाले. ओळख आहे म्हटलं तर काम जाईल अशी भीती होती, आणि मनात असंही होतं की मी गेले तर तुलाच पैकीच्या पैकी देईन. दोन नंबरचा काउंटर मोकळा होता, तरी मी मुद्दाम तुझ्या रांगेत उभी राहिले ती त्यासाठी.

त्या सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता यांना घरी ठेवा, जे खावंसं वाटेल ते द्या. तिथून मी तशीच दुकानात आले. तू गिऱ्हाइकांना म्हणायचं ते ठरलेलं वाक्य, 'आपलं मनापासून स्वागत', डोळे तिरळे करून म्हणायचीस. त्या दिवशी तू ते म्हणालीच नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "काय झालं गं?" मग काउंटरवर 'बंद'ची पाटी ठेवलीस, बाहेर आलीस आणि माझ्या दंडाला धरून मला पावांच्या रॅकमागे नेलंस. मावशींनी पिठाच्या पोत्यावर जागा करून दिली, पाणी दिलं. मागे रांगेतली माणसं ओरडत होती. तू म्हणालीस, "ओरडू देत, घरी जाऊन काय आग विझवायचीय त्यांना?" आणि मी रडले. मनापासून रडले, ते खोटं नव्हतं. पण तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस तेव्हा मी तुझ्या खांद्यावरून ओव्हनवरचं घड्याळ बघत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अकरा मिनिटं झाली होती.

मग मी मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांवर बसून तो हिरव्या पट्ट्याचा फॉर्म भरला. ठरलेल्या शब्दांत स्वागत केले का? नाही. कामाव्यतिरिक्त बोलणे केले का? हो. रांगेत किती मिनिटे थांबावे लागले? अकरा. माझ्यासारख्या उशिरा शिकलेल्या माणसाला छापील प्रश्नापुढे खोटं लिहिण्याची भीती वाटते, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित तेही पटलं असतं. पण शेवटी एक चौकट होती, 'इतर निरीक्षणे', खाली चार ओळी मोकळ्या. ती भरलीच पाहिजे असं काही नव्हतं. बहुतेक जणी रिकामी सोडत. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात कुठल्याशा पुलाच्या बातमीत मला 'हलगर्जीपणा' हा शब्द सापडला होता. वहीत उतरवला होता, पण वापरायला जागा मिळत नव्हती. चार नंबर, मी तो तिथे वापरला. 'कर्मचारी अकरा मिनिटे काउंटर सोडून गेली होती, हा गंभीर हलगर्जीपणा आहे.' लिहिल्यावर मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला ते चांगलं जमलं असं वाटलं. घरी माणूस मरायला टेकला होता, तुझ्या पदराला माझे डोळे पुसलेले होते, आणि मला वाक्य चांगलं जमल्याचा आनंद झाला.

आठ दिवसांनी तू आमच्या दारात उभी होतीस. मॅनेजरला तशीही माणसं कमी करायची होती, त्याला निमित्त हवं होतं. त्याने ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "हलगर्जीपणा म्हणे! गंभीर!" तू म्हणालीस. "आणि अकरा मिनिटं म्हणे. बरोब्बर अकरा! रॅकमागे होतं कोण? आपण दोघी आणि ती पाववाली. घड्याळ तिच्या डोक्यावर, रांगेतून ते दिसतही नाही. तूच सांग, त्या फॉर्मवालीला दुसरं कोण सांगणार?" मी होकाराची मान हलवली. तोंडाने काही बोलले नाही, पण मान हलवली.

नोकरी गेली म्हणून तुला दिवस मोकळे होते. "आता काय, वेळच वेळ आहे," म्हणत तू रोज आमच्याकडे यायचीस. यांना उठवून बसवायचीस, चमच्याने भरवायचीस, मी दोन तास झोपावं म्हणून मला दुसऱ्या खोलीत ढकलायचीस. मी झोपायची नाही. तुम्हा दोघांचं पत्त्यांवरून चाललेलं भांडण ऐकत पडून राहायची. एकदा तू गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "सांगून टाक तिला." मी म्हणाले, तुम्हाला जरा बरं वाटू दे, मग सांगते. बरं वाटणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. यांना जाऊन आता चौदा वर्षं होतील. कपाटात यांचे दोन सदरे आहेत, ते महिन्यातून एकदा उन्हात घालते, पुन्हा घडी करते. त्या वेळी दर वेळा यांचं ते वाक्य आठवतं.

त्यानंतर दोन वर्षांनी सगळीच दुकानं बंद झाली. तेव्हा मी मनाशी म्हणाले, नाहीतरी तिची नोकरी जाणारच होती. पण त्या दोन वर्षांत तू लोकांचे गणवेश शिवून डोळे खराब करून घेतलेस, ते मी बघितलं आहे. आणि मावशींशी तू बोलली नाहीस. त्या समोरून आल्या की तू रस्ता ओलांडायचीस. मी तुझ्याबरोबर रस्ता ओलांडायची. गेल्या महिन्यातही मी त्यांचं नाव काढलं, तर तू म्हणालीस, "त्या बाईचा विषय नको. माझ्या तोंडचा घास काढला तिने."

मावशी गावातल्या सरकारी इस्पितळात आहेत. त्यांची सून मला औषधांच्या दुकानात भेटली आणि काल मी जाऊन आले. फार वाळल्या आहेत, हात मात्र अजून तसेच रुंद आहेत. मी बोलायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. तू मागच्या दाराशी खोक्यांवर बसून लिहीत होतीस, मी ॲप्रन झटकायला बाहेर आले होते. तो हिरव्या पट्ट्याचा कागद मी ओळखत नाही होय?" मी विचारलं, मग तिला सांगितलं का नाही? म्हणाल्या, "तुझा नवरा जायला निघाला होता. त्यात तुझ्यापाशी तेवढी एकच होती. तीही तोडू? म्हटलं, दिवस झाले की तूच सांगशील." मग म्हणाल्या, "लावलास मात्र फार उशीर." रागाने नाही म्हणाल्या. पाव ओव्हनमध्ये जास्त राहिला तर म्हणायच्या, तसं म्हणाल्या. निघताना त्यांनी एवढंच मागितलं की तू एकदा येऊन जावीस. डॉक्टर फार दिवस देत नाहीत. तेव्हा खोलीचं उत्तर राहू दे. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते नंतर ठरव, नाही ठरवलंस तरी मी समजेन. हे पत्र वाचून झालं की आधी निघ. दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट. भेटायची वेळ चार ते सहा. मी सकाळची जाऊन त्यांची वेणी घालून येत जाईन. चार ते सहा मी तिथे नसेन.

तू म्हणशील तोवर तुझीच,
चौकस