साबणाचं पोट अन् आमच्या हेंची पाठ

मु. झरी

सौ. केशरवहिनीस मनकर्णाचा नमस्कार. तुमचा खोकला, दादाचा गुडघा अन् नवी व्यालेली म्हैस, तिघं कसे हायती ते कळवा. इकडं समदे धड हायती, आमच्या हेंची पाठ सोडून. ती पाठ तुमच्या साबणापायी गेली, म्हणून लिहायला बसले.

पिंगळीच्या महिला मंडळात शिकून तुमी साबणाची रीत सांगितली, अन् माझी जीभ वळवळली. विहीणबाईंसमोर बोलून बसले, की रुख्मिणीच्या लेकीचं जावळ काढाल तवा लेकराला मी केलेल्या साबणानं न्हाऊ घालीन. (विहीणबाई कस्तुराबाई कश्या हायती ते तुमाला ठाव हाय. लेकराला डाळीचं पीठ अन् साय, दुसरं काई लावलं की कातडं सोलतं म्हणत्यात.) त्या नुसत्या नाकात हसल्या. आता साबण बिघडला तर देवगाव फाट्याला सासरी माझी रुख्मिणी जन्मभर टोमणे ऐकंल.

तुमी म्हणल्या व्हत्या, कास्टिक सोड्याला लागतं त्या मापापेक्षा तेल थोडं जास्त धरा. मला काई ते पटलं न्हाई. अंगाचं तेल काढायला साबण, अन् साबणातच जास्तीचं तेल वतायचं, ही कुठली रीत? मी उलटं तेल कमी केलं, अन् तेबी नुसतं खोबऱ्याचं, फेस यावा म्हणून. वडी निघाली पांढरीफेक, वाजवली तर खणखण. हेंच्या पाठीला घसाघसा लावली. हे न्हाणीतून उठले ते तसेच पळत हौदावर, अन् समद्या गल्लीनं बघितलं. पाठ भाजल्या वांग्यावानी. (मी म्हणलं, मळ निघायलाय. मळ न्हवता.)

मग मला राग आला, अन् राग आला की माझा हात सैल सुटतो. ह्या बारीला करडीचं तेल घेतलं, अन् पुरणपोळीवर तूप सोडावं तसं सोडलं. वडी कशाची, नुसता लगदा. निम्मा तर उंदरांनीच खाल्ला. पण हे न्हाले तर जळजळ म्हणून न्हाई, पाठ लोण्यावानी. खूश होऊन घरातल्या कापसाच्या ढिगाला टेकले अन् तिथंच डोळा लागला. उठले तर पाठभर कापूस. आमचाच कुत्रा हेंच्यावर भुंकायलाय. शेजारचे माणिकराव दारातून म्हणतेत, "मनकर्णाबाई, रान राहू द्या, आधी नवरा वेचून घ्या."

अक्कल आली ती पाहुण्याला वाढताना. पानात घासभर उरलं की समजायचं, पाहुणा धाला. उपाशी उठला तर गावभर नावं ठेवत आपलंच मांस खात हिंडतो. वहिनी, कास्टिक सोडा तसाच पाहुणा हाय. तेल कमी पडलं की आपलं कातडं खातो. धाला की गप बसतो, अन् वर जे घासभर तेल उरतं तेच अंगाला मऊ ठेवतं. पातेलंभर उरलं, की मग कापूस.

तवा तिसऱ्या बारीला खोबरेल अन् करडी दोन्ही घेतले, अन् वर घासभरच जास्त. वड्या महिनाभर फळीवर वाळवल्या, म्हणजे सोड्याचा उरलासुरला राग बी निवतो. वाट बघणं मला जमत न्हाई, येता-जाता दाबून बघायचे, म्हणून हरेक वडीवर माझी बोटं उमटलीत. पण रंग पिवळसर, वास नुसता खोबऱ्याचा, जिभेला टेकवली तर चटका न्हाई. तुमी जावळाला बिनघोर या. दादाला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची नणंद,
मनकर्णा

ता. क. – विहीणबाई परवा न सांगता आल्या. न्हाणीत हात धुवायला गेल्या अन् दिसायला देखणी म्हणून नेमकी पांढरी वडी उचलली. बाहेर आल्या तर तळहात लालभडक. मी खोबरेल लावून दिलं अन् म्हणलं, ती आमच्या वहिनीनं केलेली. जावळात त्या काई बोलल्या तर मान खाली घालून ऐकून घ्या. पांढरी तुमची, पिवळी माझी. इसरू नका.

आणखी एक – पुतण्या आश्रुबाच्या हाती पिवळी वडी धाडली हाय. लेकराला लावायच्या आधी दादाच्या पाठीला लावून बघा अन् काय झालं ते लगेच कळवा. आमच्या हेंच्या पाठीवर आता जागा न्हाई.