चुकलं

कशेळी, २ जानेवारी २०२५

ती. रंजिता आत्यास सा. न.

आईने सांगितलं, मोठ्यांना असंच लिहायचं. इंग्लिश मीडियमची आहे मी, चुका काढू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी मराठीत अडकते, म्हणून पत्र.

आजी अंथरुणावरच आहे. उजवा हात हलत नाही, खाते दोन घास. रोज विचारते, रंजी आली का. म्हणून मी आजोबांच्या मागे लागले. मेडिटेशन कोर्सनंतर मी पाच पुस्तकं वाचलीत. जीवनकाकांचा बुद्धिझम हा धर्म नाहीच, फिलॉसॉफी आहे. देव नाही, नवस नाही. तीन दिवस जेवताना हेच समजावलं. आजोबा म्हणाले, गोडाऊनला जमीन दिली त्या ॲग्रीमेंटपेक्षा ह्ये अवघड हाय. मग काल आपणहूनच म्हणाले, म्हंजी लगीन करून रंजीनं धरम सोडलाच न्हाय, त येवंदे तिला. एकवीस वर्षांनी, आत्या. एकोणीसला रविवार आहे, ये.

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे?),
मृणाली

दिघाशी, ७ जानेवारी

चि. मृणालीस सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या काकांनाही वाचून दाखवलं. जीवनकाका हसले, म्हणाले, भाची फार शिकली. मग जुनं सांगत बसले. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. वर्षभर गावाने दळण दळून दिलं नाही. नुसत्या विचारासाठी कोणी एवढं सोसतं का गं? तुझ्या पुस्तकवाल्यांना विचार.

पण येते मी. आईजवळ बसायला मिळालं तर बाकी काही नको. तिला सांग, तिचं आवडतं निवटी मासळीचं कालवण आणते.

माया राहू दे.
आत्या

कशेळी, १२ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

रागावू नकोस. आजोबांची अट आहे. देवघरासमोर नारळ वाढवायचा आणि एकदा चुकलं म्हणायचं. मी भांडले, तर माझंच वाक्य मला ऐकवलं. तो धरमच न्हाय ना, मंग एक शबुद बोलायला तिचं काय जातंय?

फक्त एक शब्द आहे गं. मनात नको म्हणूस, तोंडाने म्हण. आजीने कालपासून दूधही सोडलंय.

तुझीच,
मृणाली

दिघाशी, १९ जानेवारी, संध्याकाळ

चि. मृणालीस आशीर्वाद.

तू आत आईजवळ होतीस, म्हणून दारात काय झालं ते लिहिते. बाबांनी स्वतः नारळ पुढे केला. केवढे वाळलेत ते. मी म्हटलं, फोडते. हातात घेतला. आईसाठी दगडासमोरही वाकले असते. मग ते म्हणाले, बोल. आणि तोंड उघडेना. चुकलं म्हणजे काय चुकलं? जीवन चुकला? माझी लेक पूर्वी चुकली? ती अठरा वर्षांची झाली, आज्याने तोंड पाहिलं नाही तिचं. नारळ पायरीवर ठेवला आणि निघाले. कालवणाचा डबा तुळशीपाशी आहे.

आईला समजाव. तुझं ऐकते ती.

आत्या

कशेळी, ३१ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

आजी गेल्याचं माझ्या बाबांनी फोनवर कळवलंच. स्मशानाच्या गेटबाहेर तू आणि काका उभे होतात, मी पाहिलं. एक गोष्ट तेव्हा सांगता आली नाही.

त्या रविवारी आजीला बाहेर तुझा आवाज ऐकू आला होता. तू गेल्यावर तिने विचारलं, रंजी काय बोलली? मला वाटलं, तिला बरं वाटेल. मी सांगितलं, आत्या चुकलं म्हणाली, आता परत येणार आहे. आजीने मान माझ्याकडे वळवली. म्हणाली, चुकलं म्हनली? मंग ती माजी रंजी नव्हं, दुसरीच कोन आली आसंल. आणि तोंड भिंतीकडे केलं.

खरं सांगायचा मला धीर होईना. सकाळी सांगायला गेले तेव्हा आजी नव्हती.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही. तरी ठेव.

मृणाली