तळ्याभोवतीची समिती

२ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढायचेच तर माझ्याकडे येऊन चढ, वर निदान चहा मिळेल.

आमचा नकाशा विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे विद्यापीठाची सल्लागार समिती सांगणार आहे, आणि समितीत तुम्ही आहात, हे मला ऑफिसातल्या कारकुनाकडून कळावं ना काका? बैठकीला बसू द्या म्हणून मी अर्ज केला. अशा बैठका लोकांसमोर व्हाव्यात असा कायदाच आहे. कुलसचिव म्हणाले, तो कायदा निर्णय घेणाऱ्यांना. समिती नुसता सल्ला देते. शिवाय बैठक होतच नाही, मंडळी तळ्याकाठी फिरायला जातात. पण तुमचा एकही सल्ला कुलगुरूंनी आजवर मोडलेला नाही. मग सल्ला कुठे संपतो आणि निर्णय कुठे सुरू होतो, तेवढं कळवा.

रागावले आहे, पण माया तशीच आहे. तुमचीही असू द्या.

तुमची ठमी

६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, काकूही.

कुलसचिव खरं बोलले. आम्ही पाच जण. तिघे एकत्र बसले की बैठक ठरते, आणि कुणी कोर्टात गेलं तर पंचाईत. म्हणून अध्यक्षीणबाईंनी युक्ती काढली: दोघादोघांनी तळ्याला फेरी घालायची, मग जोडीदार बदलायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं सगळ्यांशी बोलून होतं, बैठक मात्र झालेली नसते. सध्या धुकं इतकं की शेजारी कोण आहे ते खोकल्यावरून ओळखायचं. पाणी दिसत नाही, नुसतं वाजतं. काय बोललो तेही घरी येईपर्यंत विरून जातं. खरं सांगू, मला ते आवडायला लागलंय.

तुझ्या विभागाचं निघालं तेव्हा मी गप्प राहिलो. काकू म्हणते, मूग गिळून बसायची तुमची सवय काही जायची नाही.

जपून राहा, आणि म्हाताऱ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

काका

९ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न.

ही समिती की आंधळी कोशिंबीर? काल स्वप्नात मी तुमच्या तळ्याचा नकाशा काढत होते. काठ आखावा तर तो पुढे सरकायचा, आणि धुक्यात कुणीतरी माझ्याबद्दल बोलत असायचं.

तुम्ही गप्प राहिलात ते लागलं. माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही, पुतणी म्हणून तर मुळीच नको. बंद करायचा तर आमच्या तोंडावर सांगा, कारणासकट. शुक्रवारी मी शिकवते त्या वर्गातली पोरं तळ्याचाच काठ मोजायला येणार आहेत. मी येणार नाही, मला रडू येईल.

काकूला नमस्कार. तुम्हालाही, थोडा कमी.

ठमी

१५ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पोरांनी सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. शुक्रवारच्या फेरीला मी एकटा होतो. अरुंद लाकडी पुलाच्या मधोमध थांबलो. मागून एक जोडी आली, समोरून दुसरी, आणि कुणालाच पुढे जाता येईना. मी म्हणालो, पाचही जण जमलो, तेव्हा ही बैठक. काठावर दोरी धरून उभ्या असलेल्या तुझ्या पोरांना ऐकायला बोलावलं. बाई म्हणाल्या, कायदा आपल्याला लागू नाही. मी म्हणालो, नसेल, पण पोरांना कान आहेत. मग सुरुवात मलाच करावी लागली.

ठमे, विभाग बंद करा असं मी म्हणालो. गप्प होतो तो याचसाठी. शिकून निघालेल्या पोरांना कामं मिळत नाहीत, हे मला दिसत होतं, आणि तुला सांगायची छाती होत नव्हती. पोरं चिडली, पण बोलली मुद्द्याचं. पावसाचं पाणी गावात कुठल्या गल्ल्यांत तुंबतं ते हाताने मोजून कसं सापडलं, हे एकीने इतकं नीट सांगितलं की तिघांची मतं फिरली. विभाग ठेवावा असा सल्ला गेला, तीन विरुद्ध दोन. त्या दोघांतला एक मी.

राग ओसरला की दोन ओळी लिही. वाट पाहतो.

काका

१९ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्या नावाने भांडी आपटली, मग जेवले.

कुलसचिव अजून म्हणतात, कायदा सल्लागारांना लागू नाही. तो वाद मी सोडणार नाही. पण मी मागितलं ते तुम्ही दिलंत, आणि ते इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, हे मलाही ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी वर्गात या, आणि विभाग का बंद करावा ते मला ऐकवा. मी पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसेन.

तुमचीच,
ठमी