नवसातलं उरलेलं अंतर

नंदुरबार,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. ललित यास,
काजलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायला गेले आणि हात थांबला. माय जाऊन वर्ष झालेलं नाही, तोवर लिहायचं नाही म्हणतात. तेव्हा हे असंच घे. फोनवर मी विचारते, तू हं हं करतोस, मग दोघं नुसता फोन कानाला धरून बसतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. मोलगीची रेंज जाते तेव्हा तुला किती आनंद होतो हे मला माहीत आहे.

यंदा दिवाळी नव्हती, ओवाळणं नव्हतं. भाऊबीजेला तू आलास, जेवलास आणि गेलास. तू अंगणातून फाटकापर्यंत गेलास तेव्हा मी खिडकीतून तुझी चाल पाहत होते. आता तू लंगडत नाहीस. टाच फुटली, प्लेट बसली, प्लेट निघाली, अडीच वर्षं गेली, आणि आता तू सरळ चालतोस. हे पाहायला माय हवी होती.

सोबत बूट पाठवते आहे. दाऊदचाचांनी आत टाचेखाली मऊ पट्टी बसवून दिली आहे. तुझ्या जुन्या बुटाचा तळ उलटसुलट करून ते म्हणाले, की हा माणूस एका बाजूला झिजवतो, नवा आणि जुना आळीपाळीने घालायला सांगा. दाजी म्हणाले, की बूट गेले आता पायही पाठवा. त्यांच्या विनोदाला मी हसत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आता मुद्द्याचं. गेल्या यात्रेत सारंगखेड्याला तू काठी टेकून घोडेबाजारात बसला होतास, तेव्हा मायने दत्ताच्या दारात नवस बोलला. मी तिच्या शेजारी होते. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “मन्हा लाल्या पयाले लागू दे, घरथून तुन्हा दारले अनवाणी धाडसू.” तू पळायला लागलास की घरापासून देवळापर्यंत अनवाणी. ती गेली, पण बोललेलं राहिलं आहे. यात्रा चार डिसेंबरला आहे. डॉक्टर म्हणतात, डांबरावर अनवाणी चालायचं नाव काढू नका, दुखणं परत येईल. आप्पा म्हणतात, वर्षाच्या आत देवाचं काही करायचं नसतं. “वरीस सरू दे, देव कोठे पयी जाई ऱ्हायना?” देव कुठे पळून जातोय, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र रात्री हे आठवतं आणि मग झोप येत नाही.

तू पळायला लागलास का, एवढं कळव. वेळेवर जेव. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
काजलताई


मोलगी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
ललितचा शि. सा. न. वि. वि.

बूट मिळाले. फुलसिंगच्या जीपमधून आले. त्याने ते स्वतः खोलीवर आणून दिले आणि नेहमीचं बोलला, की साहेब, त्या दिवशी घाटात तुम्ही जागेवर बसून राहिला असता तर हे काहीच लागलं नसतं. जीप मागे सरकली, मी उडी मारली आणि दोन हातांवर जीप आपोआप थांबली. बाकी सगळे खाली उतरून माझ्याभोवती गोळा झाले, कुणाला ओरखडाही नव्हता. हे तो बाजारात नव्या माणसांना अजून सांगतो. त्याचं खरं आहे.

बूट खिळ्याला टांगून ठेवले आहेत, नाहीतर उंदीर कुरतडतात.

पाय बरा आहे. सकाळी अंथरुणातून उठलं की पहिली काही पावलं टाच आखडलेली असते, मग सुटते. शेतीखात्याच्या कामाला पाड्यांवर पायीच जातो. ज्वारी, तूर पाहायची, कुणाचे अर्ज राहिले ते विचारायचे, परत यायचं. चढ-उतार असतो, पण चालतं. संध्याकाळी थकायला होतं. पायामुळे नाही, असंच.

पळायला लागलेलो नाही. घाई नाही. पहाटे जाग येते, उठून बसतो. पूर्वी गावी असताना मी अंधारात प्रकाशा गावाच्या रस्त्याला निघायचो तेव्हा माय ओट्यावर येऊन उभी राहायची. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, की तुझ्या मागे कोणी लागलंय का. पुढे विचारायची ते एकच, पाणी प्यायलास का. मी नाशिकला एकवीस किलोमीटर पळून मेडल आणलं तेव्हाही तिने आधी तेच विचारलं. आता उठून बाहेर आलो तर समोर डोंगर आहे आणि शेजारच्यांच्या शेळ्या आहेत. पुन्हा आत जातो.

नवसाचं तुम्ही कोणी मनावर घेऊ नका. तो माझ्या पायाचा आहे, माझा मी बघेन. आप्पा म्हणतात ते बरोबर आहे, वर्ष सरू दे. आप्पांना रात्रीचं दूध घ्यायला सांग. मी सांगितलं की हो म्हणतात आणि घेत नाहीत.

दाजींना नमस्कार. त्यांना कळव, पाय सध्या मी वापरतो आहे. तुझी माया असू दे.

तुझा,
ललित


नंदुरबार,
७ डिसेंबर २०२५

चि. ललित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पलंगावर पाय लांब करून लिहिते आहे. रागावू नकोस. आधी सगळं वाच.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. आप्पांना वाटलं, घर झाडायला आले. पहाटे उठले, आंघोळ केली, मायच्या फोटोला नमस्कार केला आणि चपला दारातच ठेवून निघाले. सारंगखेड्यापर्यंत अनवाणी. तुझा नवस मी फेडला, ललित.

शहाद्याच्या पुढे गेले तेव्हा मागून मोटरसायकल आली. आप्पा. त्यांना दारात चपला दिसल्या आणि मी दिसले नाही, मग कळायला काय वेळ? तिथपासून ते माझ्या मागे, माझ्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये. दर थोड्या वेळाने हॉर्न द्यायचे आणि म्हणायचे, “गाडीवर बठ, देव काय मोजी ऱ्हायना का?” मी बसले नाही की पुन्हा मागे. यात्रेला जाणारे लोक आमच्याकडे बघत होते. एका ट्रॅक्टरवरच्या बाईने मला विचारलं, की म्हातारा त्रास देतोय का. मी म्हटलं, माझे वडील आहेत. ती म्हणाली, मग चालायचंच.

पुलाजवळ तळपाय भाजल्यासारखे झाले. बाजारातले घोडे नदीवर धुऊन परत चालले होते, त्यांचा चिखल वाटेत पडलेला. त्यात पाय ठेवला आणि इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभी राहिले. आप्पांनी हॉर्न दिला नाही. तेही थांबले. मग म्हणाले, की तुझी माय दर वर्षी इथे थांबून घोडे बघायची आणि निघायचं नाव घ्यायची नाही. मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं?

वर्ष झालेलं नाही म्हणून आप्पांनी आत जाऊ दिलं नाही. बाहेरच्या दरवाजातून कळसाचं दर्शन घेतलं आणि मायचं नाव घेऊन सांगितलं, की पोऱ्याचा पाय डॉक्टरने अडवला आहे, बहीण आली आहे, गोड मानून घे. घरातल्या माणसाने फेडला तरी चालतो, असं सासूबाईही म्हणाल्या.

फोड आले आहेत. डाव्या टाचेत काहीतरी रुतलं होतं, ते काढलं. आता तू मोकळा आहेस. डांबरावर अनवाणी जायची भीती गेली. बूट खिळ्यावरून काढ आणि पळ.

तुझी,
काजलताई


मोलगी,
१५ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या पायाला काय झालं ते डॉक्टरांना दाखव. जंतुसंसर्ग होतो.

तू विचारलं नाहीस. मी लिहिलं होतं, की माझा मी बघेन. तरी तू गेलीस आणि मला नंतर कळवलंस.

अनवाणी जायची मला भीती नव्हती. पाय नवरात्रातच बरा झाला होता, हे डॉक्टरांना माहीत आहे आणि मलाही. मी पळत नव्हतो ते वेगळ्या कारणाने. मायचं माझ्याकडे एवढंच एक काम राहिलं होतं. बाकी सगळं आपण पुरं केलं. दहावं, तेरावं, तिच्या साड्या वाटल्या, तिचं पासबुक बंद केलं. नवस तेवढा शिल्लक होता. मी पळायला लागलो की तो फेडावा लागणार होता, आणि फेडला की तिचं माझ्याकडे काही उरणार नव्हतं. म्हणून बूट खिळ्याला होते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे तुझी चूक नाही. पण आता पहाटे उठून बसलो की बसायचंही कारण नाही.

जास्त लिहीत नाही. आप्पांना नमस्कार.

ललित


नंदुरबार,
२८ डिसेंबर २०२५

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. शेवटी ‘तुझा’ लिहिलं नव्हतंस, तेही पाहिलं.

मला वाटलं, तू दुखण्याला भितोस. मला वाटलं, मोठी बहीण असून एवढं तरी करावं. लहानपणी तुझी गणितं मी सोडवून द्यायचे आणि गुरुजी तुला फळ्यावर बोलवायचे, तसंच झालं. ते मला आज कळतं आहे. आता पावलं परत घेता येत नाहीत. घेता आली असती तर घेतली असती, फोडांसकट.

आप्पांना सांगितलं. ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “दोन्ही येडा शेतस.” दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की त्याला घरी बोलव, मी काही बोलणार नाही. हे सांगायला त्यांनी फोन केला, यावरून समज.

माझी डावी टाच दुखते. सकाळी उठलं की पाऊल टाकवत नाही. दाजी म्हणतात, तुमच्या घराण्यात टाच वारसाहक्काने मिळते. यावेळी मी हसले.

पळ किंवा पळू नकोस. संक्रांतीच्या सुट्टीत घरी मात्र ये. आप्पा एकटे आहेत.

तुझीच,
काजलताई


मोलगी,
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आप्पांकडून कालच परत आलो. उशिरा लिहितो आहे, कारण आधी लिहिण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी पहाटे बूट काढले. ठरवून नाही. उठून बसलो होतो आणि बसायचा कंटाळा आला. काठी गावाच्या रस्त्याला निघालो. काय पळालो ते विचारू नकोस. डोक्यावर टोपल्या घेऊन बाजाराला येणाऱ्या बाया समोरून आल्या आणि मला बघून रस्ता सोडून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं मागून काहीतरी येतंय. परतताना फुलसिंगने जीप थांबवली आणि बसा म्हणाला. मी पळतोय म्हटल्यावर त्याने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, की साहेब, याला पळणं म्हणतात का. नंतर त्याच बाया माझ्या पुढून घराकडे गेल्या. मी वडाखाली बसलो होतो.

दम नाही राहिला, ताई. पायाचं काही नाही, छातीच चालत नाही. अडीच वर्षांत सगळं निघून गेलं. तरी रोज जातो. बरं वाटतं म्हणून नाही. खोलीत बसण्यापेक्षा थकून बसणं सोपं जातं.

संक्रांतीला गावी गेलो. तिळगूळ यंदा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांना न सांगता निघालो, तू निघाली होतीस तसाच, पण बूट घालून. सारंगखेड्यापर्यंत सगळं पळालो असं लिहिणार नाही. निम्मं पळालो, निम्मं चाललो. शहाद्याच्या पुढे मागे हॉर्न वाजला. मी वळून पाहिलं नाही. पूल येईपर्यंत पहिल्या गिअरचा आवाज मागे येत राहिला.

यात्रा उठून गेली आहे. घोडेबाजाराच्या जागी खुंटे आणि गवताचे ढीग आहेत. तू चिखलात थांबलीस ती जागा आप्पांनी दाखवली. आता तिथे कोरडी माती आहे. तू विचारलं होतंस, माय तिथे घोडे बघायची ते मला माहीत होतं का. नव्हतं. मी तेव्हा पुढे निघून गेलेला असायचो.

मग बाहेरच्या दरवाजाशी उभा राहिलो. कळस दिसतो. तू उभी होतीस तिथपर्यंत तुझी पावलं आली. दरवाजापासून आत गाभाऱ्यापर्यंत फरशी आहे, थोडंसंच अंतर आहे, एवढं की मायने मला कडेवर घेऊन कितीदा पार केलं असेल. तेवढं कुणीच चाललेलं नाही. तू चालली नाहीस, वर्ष झालं नव्हतं म्हणून. मायने घराच्या दारापासून देवाच्या दारापर्यंत म्हटलं होतं. दार म्हणजे रस्त्यावरचं की गाभाऱ्याचं, हे मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, की देवाचं दार देव जिथे बसला आहे तिथे.

तेव्हा ते तेवढं शिल्लक आहे. तू मुद्दाम ठेवलंस असं मी म्हणत नाही. पण ठेवलंस. मी रागाने लिहिलेलं मनावर घेऊ नकोस.

आषाढात मायचं वर्षश्राद्ध झालं की जाऊ. मी घरापासून पळत येईन, तोवर छाती सुधारेल. तू आप्पांच्या मागे मोटरसायकलवर ये, तुझ्या टाचेने चालू नकोस. दरवाजाशी बूट काढीन. आतलं अनवाणी आपण दोघं चालू, सावकाश. डॉक्टरांना कळवायची गरज नाही.

सकाळी टाचेखाली बर्फाची बाटली फिरव. बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि खुर्चीत बसून तळपायाखाली पुढे-मागे न्यायची. मग जमिनीवर टॉवेल पसरून पायाच्या बोटांनी तो ओढायचा. पहिले काही दिवस हसू येईल. अनवाणी घरातही फिरू नकोस. दाऊदचाचांकडून तुझ्या चपलेला पट्टी लावून घे.

परतताना आप्पांच्या मागे बसून आलो. उतरल्यावर त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पाणी पिना का?”

प्यायलो नव्हतो. आत जाऊन प्यायलो.

दाजींना नमस्कार. तुझी माया आजवर होती तशीच राहू दे.

तुझा,
ललित