सारवणाचा हात

मुरुड

ती. बायजावहिनीस, गणराजचा नमस्कार.

काल तू माझं प्रदर्शन बघायला आली होतीस, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या चित्रांवर प्रभाव कुणाचा?" मी दोन परदेशी चित्रकारांची नावं सांगितली. नंतर तू विचारलंस, "त्यांनी शिकवलं व्हय तुला? चांगली मानसं हायत." मी हो म्हणालो.

खोटं बोललो, वहिनी. माझ्या चित्रांतले अर्धगोल तू अंगण सारवायचीस तेव्हा शेणात उमटायचे. आई गेल्यावर मी ओट्यावर बसून तुझा हातच बघायचो. अजूनही मी ब्रश न घेता तळव्याने रंग फासतो. चार लोकांत शेणाचं नाव घ्यायची लाज वाटली.

हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणून टाकत नाही. रविवारी आगरदांड्याहून बोटीने दिघीला येतो आणि मीच सांगतो.

तुझा,
गणराज