बारा मीटरचं वळण

प्रिय चिमे,

"दादा, तुझ्यामुळे घर वाचलं," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी घाईने फोन ठेवला. शहराकडे जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणाचा नकाशा मीच काढला. रेघ तुझ्या घरावरून जात होती; मी शहाण्याने ती गुपचूप बारा मीटर सरकवली. त्याने वळण फार तीव्र झालं, हे साहेबांच्या सह्या झाल्यावर कळलं. आता ताबा सुटलेला ट्रक थेट तुझ्या पुढच्या खोलीत शिरेल. खरं बोललो तर तुझं घर जाईल आणि माझी नोकरीही.

बाळाला गाड्या दिसाव्यात म्हणून तू पाळणा खिडकीशी ठेवलायस. तो मागे हलव, एवढं तरी फोनवर सांगावं म्हणतो. पण तू 'का' विचारशील.

हे चौथं पत्र. तीन फाडली.

तुझा भित्रा
दादा